ताई, तुमचा केसपेपर

परवा, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात माइक माझ्या हातात दिला आणि मी "ताई" एवढंच बोलून खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी पाण्याचा ग्लास पुढे केला. रडू आलं नव्हतं ताई. माझ्या आधी बोललेला प्रत्येक माणूस तुमच्या हाताला किती गुण होता ते सांगत होता. आणि शेवटच्या दिवशी सुई तुमच्या हातात नव्हती, माझ्या हातात होती, हे त्या मांडवात एकट्या मलाच माहीत आहे असं वाटत होतं. ते गिळून बाकीचं गोड गोड बोलायला तोंड उघडेना.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही बोलणाऱ्या आणि मी लिहिणारी, यावरूनच तर आपलं भांडण होतं. तेही अर्धवटच राहिलं.

मला अजून पटलेलं नाही. त्या सकाळी मी आसगावहून नेहमीच्या एसटीत बसले होते. खिडकीतून निसवलेलं, लोंब्या धरलेलं धान दिसत होतं आणि आज कोण कोण पेशंट येणार ते मी मनात घोळवत होते. भाऊजींचा फोन आला, "मंगला, सरळ सरकारी दवाखान्यात ये." बस्स, एवढंच. तुमचे यजमान आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते, गरजेपेक्षा एक शब्द जास्त बोलायची त्यांना सवय नाही. मला वाटलं, आपल्या एखाद्या पेशंटला चक्कर आली असेल, उपाशी आला असेल आणि सांगितलं नसेल. डॉक्टरांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही मी बसमध्ये जुळवून ठेवलं. दवाखान्यात शिरले तर खाटेवर तुम्ही. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? ताई अशा उताण्या कधी झोपत नाहीत, हा.

डॉक्टर तरुण होते, भले होते. ते भाऊजींना विचारत होते, छातीत दुखत होतं का. भाऊजी म्हणाले, नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले की बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही. खांदा दुखतो, जबडा दुखतो, पाठ भरते, मळमळतं, नुसता थकवा येतो, आणि घरचे लोक काम जास्त झालं असं समजतात. मी भिंतीला टेकून ऐकत होते. हे मला नवीन नव्हतं. हे तुम्ही मला शिकवलं होतं, जवळपास याच शब्दांत, तुमच्या दवाखान्यातल्या हिरव्या पडद्याच्या आड बसून. आणि आदल्या दिवशी दुपारी चार वाजता मी तुमच्या डाव्या खांद्याला चार सुया लावल्या होत्या.

तुमच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा आले ते पेशंट म्हणून. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा नोकरदारांच्याही वाटण्या झाल्या. तुमच्या वाट्याला तिकडचं पार टोक आलं, तेव्हा नर्सची नोकरी सोडून तुम्ही नागपूरला अॅक्युपंक्चर शिकलात आणि पवनीच्या बसस्टँडमागे, घराच्याच पुढच्या खोलीत, दोन पलंग टाकलेत. मी आले तोवर सगळ्या तालुक्यात तुमचं नाव 'सुईवाली बाई' असं पडलेलं होतं. माझी अर्धशिशी त्या वर्षी हाताबाहेर गेली होती. सुईची भीती तर इतकी, की लहानपणी लस टोचणारी बाई आली की मी धानाच्या तणसाच्या ढिगामागे लपायचे. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. देवळात जाताना किंवा रक्त तपासायला जाताना जावं तशी मी उपाशी आले होते.

तुम्ही मला दाराजवळच्या लाकडी बाकावर बसवलंत. पलंग रिकामा होता तरी बाकावर. हा बाक नवीन पेशंटचा, जुन्यांनी त्यावर पिशवीसुद्धा ठेवायची नाही, हा तुमचा नियम मला मग कळला. केसपेपर काढलात, पेन उघडलंत आणि विचारलंत, "काहून वो, सकाळपासून पोटात काई टाकलं का नाई?" मी नाही म्हणाले. तुम्ही पेन बंद केलंत, आत जाऊन चहा आणि चार बिस्किटं आणलीत आणि ती संपेपर्यंत माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, बाई रागीट आहे. रागीट तुम्ही होताच, पण उपाशी माणसाला सुई लावली की त्याला घेरी येते, हे मला कुठे माहीत होतं?

मग प्रश्न सुरू झाले. सात होते. नंतर ते मी इतक्या वेळा ऐकले आणि विचारले की झोपेतही म्हणून दाखवीन. कुठे दुखतं, हात लावून दाखव. मी कपाळाच्या उजव्या बाजूला एक बोट ठेवलं. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे नाही, बोटाकडे बघितलंत. त्यातली खोच तुम्ही मला वर्षभरानं सांगितलीत: एका बोटानं नेमकी जागा दाखवणाऱ्याचं दुखणं बहुधा त्या जागेचंच असतं, पण जो तळवा फिरवतो, खांद्यावरून गळ्याकडे, गळ्यावरून जबड्याकडे, त्याला पलंगावर घेण्याची घाई करायची नाही. पुढचे प्रश्न, काही खाल्लं का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी त्यात आहे का. पोटात बाळ आहे का, पाळी चुकली आहे का, हे बाईला पडद्याआड नेऊन. साखर, बीपी, फिट, हृदयात बसवलेलं यंत्र, घरात कोणाला रक्तातला सिकलसेल. चालल्यावर, चढल्यावर दुखणं वाढतं आणि थांबल्यावर कमी होतं का. आणि शेवटचा, "अजून काई सांगायचं राहिलं काय?"

तो विचारून तुम्ही गप्प बसायचात. मनात वीस मोजायचे, असं तुम्ही मला शिकवलंत. दहापर्यंत माणूस नाही नाही म्हणतो, पंधरापर्यंत छताकडे बघतो, आणि खरं काय ते वीसच्या आसपास येतं. मी त्या दिवशी, तुम्ही नंतर सांगितलंत तसं, अठरालाच सांगून टाकलं की मला सुईची भीती वाटते आणि मी घरी न सांगता आले आहे.

तुम्ही हसला नाहीत. सुयांचं बंद पाकीट माझ्या नाकासमोर धरून फोडलंत. "पाहून घे. पाकीट तुझ्यासमोर फुटलं नाई तं सुई लावू देजो नको, मी असो का दुसरं कोणी." केसाएवढी बारीक सुई होती. डोकं दुखत असताना ही बाई हाताला आणि पायाला सुया लावते आहे, म्हणजे नक्की चुकली, असं मला वाटलं होतं. मुंगी चावल्यासारखं झालं, मग हात जड झाला, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. जड वाटलं तर भिऊ नको, पण टोचल्यासारखं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारलं तर लगेच बोल, सोसत पडू नको, असं तुम्ही सांगितलंत. वीस-पंचवीस मिनिटं मी न हलता पडून होते. काढलेल्या सुया तुम्ही माझ्या देखत फेकायच्या डब्यात टाकल्यात. लगेच बस पकडू नको, सुस्ती येईल, निळा डाग पडला तर चोळू नको, डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नको. सहा वेळा ये, आणि सहा वेळांत काहीच फरक पडला नाही तर मीच तुला सांगेन की माझ्याकडे नको येऊ. हे शेवटचं ऐकून मी चकित झाले होते. येऊ नको म्हणायची तयारी पहिल्याच दिवशी दाखवणारं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं.

अर्धशिशी पार गेली नाही, ती अजून येते. पण कमी आली, कमी वेळ टिकली, आणि मला अंधाऱ्या खोलीत दोन दिवस पडून राहावं लागेना. मी तुमच्याकडे केसपेपर लिहायला म्हणून राहिले, मग तुमच्याच धाकानं शिकले, परीक्षा दिली, माझी नोंदणी झाली. ते प्रमाणपत्र तुम्ही तुमच्या प्रमाणपत्राच्या शेजारी लावलंत आणि पेशंटना सांगायचात, कोणाकडेही जा, आधी भिंतीवर हा कागद आहे का बघा, नसेल तर विचारा, विचारायला लाजू नका. ताई, तुम्ही नसतात तर मी आज काय असते ते मला माहीत नाही. हे तुमच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कापसाचा डबा भर.

आपण हसलोही पुष्कळ. लाखांदूरच्याही पलीकडून दोन एसट्या बदलून आलेले ते काका आठवतात का? सुया लावून झाल्यावर ते रुसून पडले होते. इतक्या लांबून आलो आणि चारच सुया, शेजाऱ्याला म्हणे दहा लावल्या. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगितलंत की त्यांचं दुखणं हुशार आहे, चारमध्येच समजतं. ते खूश होऊन गेले आणि पुढच्या खेपेला चौथी सुई लागताच स्वतःच म्हणाले, बस्स, समजलं त्याला.

आणि लाल पेन. सात प्रश्नांत एखादं उत्तर खटकलं की तुम्ही निळं पेन ठेवून लाल उचलायचात आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहायचात, 'आपलं काम नाही. आजच दवाखाना.' खाली तारीख. एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला होता, तिच्या पायांची हाडं ठणकत होती. सिकलसेलचं विचारल्यावर त्याचा आवाज खाली गेला. तुम्ही लाल पेन उचललंत. तो चिडला, सुईवाली बाई सुई लावत नाही तर दुकान कशाला उघडून बसली, असं बोलला. तुम्ही त्या मुलीला स्वतः ऑटोत बसवलंत आणि दवाखान्यापर्यंत गेलात. परत आल्यावर मला म्हणालात, सुई लावणं सोपं आहे, लावू नये ते ओळखायला दहा वर्षं लागतात.

बाकाच्या बाबतीत तुम्ही कोणाची पत्रास ठेवली नाहीत. एक सरपंचीणबाई थेट पलंगावर जाऊन आडव्या झाल्या होत्या, त्यांना उठवून बाकावर आणलंत. भाऊजींचा गुडघा धरला तेव्हा ते घरातून बनियनवर तसेच आत आले, तर त्यांनाही बाक दाखवलात. तेही रुसले. तुम्ही केसपेपर काढला, त्यांचं नाव, वय, गाव सगळं विचारून लिहिलंत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, "घरचा माणूस म्हंजे सगळ्यात नवीन पेशंट. त्याले कोणी काईच विचारत नाई."

हे तुमचे शब्द आहेत ताई. माझ्या वहीत लिहिलेले आहेत.

आता आपलं भांडण. मला एक कागद छापायचा होता. 'नवीन पेशंटसाठी' असं वर शीर्षक, आणि खाली सगळं. थोडं खाऊन या. बाह्या आणि सलवार वर सरकेल असे सैल कपडे घाला. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा. कोणत्या दुखण्यात सुईचा उपयोग होऊ शकतो, कोणत्यात नाही. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एकाएकी हातपाय लुळे पडणं, दम लागणं, यात इकडे येऊच नका. मी तो रविवारभर बसून लिहिला होता. तुम्ही तो वाचलात, दोन ठिकाणी शब्द बदललेत आणि घडी करून खणात टाकलात.

कागदाला चेहरा दिसत नाही, असं तुमचं म्हणणं. माणूस कागद वाचतो, मान डोलावतो, आणि उपाशीच येतो. विचारावं लागतं, आणि विचारून थांबावं लागतं. माझं म्हणणं, माणूस विसरतो. थकतो, घाईत असतो, एखाद्या दिवशी त्याला वाटतं की याला काय विचारायचं. कागद भिंतीवर असला तर निदान डोळ्यांसमोर राहतो. यावर आपण तीन वर्षं भांडलो, चहा पिता पिता, पलंगाच्या चादरी बदलता बदलता. तुम्ही म्हणायचात, "तू विसरशीन त्या दिवशी मले सांगजो, मग छापू."

आता सांगते आहे. मी विसरले.

विसरले हेही खरं नाही. आता तुम्हाला तरी खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी बाजार होता. दुपारी तुम्ही भाऊजींबरोबर भाजी आणायला गेलात, मी दोन पेशंट बघितले. तुम्ही परत आलात, आणखी तिघं आटोपली, चार वाजता खोली रिकामी झाली. तुम्ही पलंगाच्या काठावर बसलात आणि म्हणालात, "मंगला, खांदा भरला वो. चार सुया लाव." आणि डावा खांदा चोळलात. तळव्यानं. खांद्यावरून मानेकडे, मानेवरून जबड्याकडे. मी पाहिलं. ताई, मी ते पाहिलं. तुमच्या कपाळावर घाम होता आणि पंखा चालू होता. मी कापसानं तो घाम पुसला आणि हसून म्हणाले की एवढ्या पिशव्या उचलल्या की खांदा भरणारच. पिशव्या तुम्ही उजव्या हातात धरता, हे मी इतकी वर्षं बघत आले होते.

माझा हात केसपेपरच्या खणाकडे गेला होता. सवयीनं गेला होता, खण दोन बोटं उघडलाही होता. मग वाटलं, तुम्ही हसाल. ज्यांनी प्रश्न शिकवले त्यांनाच नाव-वय-गाव विचारू? तुम्हाला कळत नसेल ते मला कळणार? मी खण लोटला आणि पाकीट फोडलं. तुमच्यासमोर फोडलं, तेवढा नियम पाळला. वीस मिनिटं तुम्ही डोळे मिटून पडून होतात. उठून म्हणालात, हलकं वाटून राहिलं. मी साडेपाचच्या एसटीनं घरी गेले. रात्री छान झोपले. सकाळी चहाच्या कपबशा धुता धुता तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत.

ताई, मला तुमचा राग येतो. लोक गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मला येतो. तुम्हाला माहीत नव्हतं का? शंभर जणांचा तळवा तुम्ही ओळखलात, स्वतःचा नाही ओळखलात? की ओळखलात आणि उद्या बघू म्हणालात? सरपंचीणबाईंना उठवलंत, नवऱ्याला उठवलंत, मग स्वतः त्या बाकावर का नाही बसलात? आणि लगेच दुसऱ्या क्षणी वाटतं, बसवायचं काम माझं होतं. पेशंट स्वतः बाक शोधत नसतो, त्याला बसवावं लागतं, हेही तुमचंच. मी त्या डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं की आदल्या दिवशी आल्या असत्या तर. ते म्हणाले, वाचल्याच असत्या असं सांगता येत नाही, पण आल्या असत्या तर लगेच ईसीजी काढला असता, एवढं नक्की. त्यांना मी कोण हे माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

आज सकाळी मी दवाखान्याची किल्ली परत द्यायला आले. ठरवून आले होते की किल्ली टेबलावर ठेवायची, दोन शब्द बोलायचे आणि निघायचं. पुन्हा सुई हातात धरायची नाही. भाऊजींनी खोली उघडली. तुमच्या खुर्चीवर तुमचा पांढरा कोट तसाच होता, तो हलवायला कोणाचा हात झाला नव्हता, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर बसले. बसल्यावर लक्षात आलं, हा कोणता बाक. भाऊजी समोर माझ्या स्टुलावर बसले. मी किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

मग ते म्हणाले, "मंगला, अजून काई सांगायचं राहिलं काय?"

ताई, तुमची खोली आणि त्यांची खोली यांच्यामध्ये एक विटेची भिंत आहे. रिटायर झाल्यापासून ते रोज पलीकडे पेपर वाचत बसतात. सातही प्रश्न त्यांना पाठ होते. आणि विचारून ते गप्प बसले, अगदी तुमच्यासारखे. मी मोजलं नाही. किती झाले असतील माहीत नाही. मी सगळं सांगितलं, तळवा, घाम, खण, सुया, साडेपाचची एसटी. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मले माहीत आहे," ते म्हणाले. "घरात येऊन सांगतलं तिनं. मंगलानं सुया लावल्या, हलकं वाटते म्हणे." मग ते खाली फरशीकडे बघत बोलू लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तुम्हाला तीन दिवसांपासून आंबट ढेकर येत होते, मळमळत होतं, आणि ते तुम्हाला ओवा देत होते. त्या दिवशी तुम्ही सकाळपासून जेवला नव्हतात. आणि बाजारातून येताना तुम्ही दोनदा थांबला होतात. "मी म्हटलं, काहून उभी राहिली. तं म्हणे, वांग्याचा भाव विचारते. वांगे तं पिशवीतच होते, मंगला. माह्याच हातात होती पिशवी."

मी उठले. खण उघडला. कोरा केसपेपर काढला आणि पुन्हा त्याच बाकावर बसून वर तुमचं नाव लिहिलं. वय भाऊजींनी सांगितलं, गाव पवनी. मग एकेक प्रश्न मी मोठ्यानं विचारला, आणि जे मला माहीत होतं ते मी लिहिलं, जे त्यांना माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. कुठे दुखतं: डावा खांदा, तळव्यानं दाखवलं, जबड्यापर्यंत. काही खाल्लं का: नाही, तीन दिवस मळमळ. गोळ्या: बीपीची, आणि ती चार दिवसांपूर्वी संपली होती, बाजारातून आणायची राहिली होती, हे भाऊजींना त्या क्षणी आठवलं. पाळी कधीच थांबलेली. बीपी आहे. चालल्यावर वाढतं का: दोनदा थांबल्या.

ताई, सहा ओळी झाल्या होत्या. अर्धं त्या भिंतीच्या पलीकडे होतं आणि अर्धं अलीकडे, आणि कोणी एका कागदावर आणलं नव्हतं. तुमच्यासमोर असा केसपेपर आला असता तर तुम्ही तिसऱ्या ओळीलाच निळं पेन खाली ठेवलं असतं.

आपल्या भांडणाचं म्हणाल तर आपण दोघीही बरोबर होतो आणि दोघीही चुकलो. तो खणातला कागद मी छापून घेणार आहे, तुम्ही बदललेल्या दोन शब्दांसकट. पण विचारणारही मीच, प्रत्येकाला, तोंडानं, आणि थांबणार. सगळ्यात वर एक ओळ मी नवीन घालणार आहे: तुम्ही आमच्या कितीही ओळखीचे असा, आज नवीन पेशंट आहात. किल्ली भाऊजींनी शेवटपर्यंत घेतलीच नाही. उद्या नऊ वाजता दार उघडायचं आहे, त्याआधी हे तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

सातवा प्रश्नही मी विचारला. तुमच्या खुर्चीकडे, कोटाकडे बघून विचारला, आणि भाऊजी आणि मी दोघंही गप्प बसलो. या वेळी मी मोजलं. वीस झाले, चाळीस झाले. बाहेर लाखांदूरची गाडी लागली, उतारू उतरले. ती जागा मी कोरी सोडली.

मग तुमच्या पेनांच्या डब्यातून लाल पेन काढलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, आपलं काम नाही. आजच दवाखाना. खाली तारीख टाकावी लागते. भाऊजींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं, आणि मी त्या बाजाराच्या दिवसाची तारीख टाकली.